मेव्हणधोंडा

ते बघ, कड्याच्या अगदी तोंडाशी काळा धोंडा दिसतोय ना, पाठीवर पिवळा पट्टा असलेला? त्याला आम्ही मेव्हणधोंडा म्हणतो. पट्टा पावसाळ्यात पुसट होतो आणि चैत्र लागला की पुन्हा उजळतो. मागे कॉलेजची पोरं आली होती, ती म्हणाली हे दगडफूल आहे. असेल बाई. आम्ही त्याला हळद म्हणतो. धोंड्याच्या कडेला बोट मावेल एवढी खाच पडलीय, ती दोराची. आणि त्याच्या खाली कड्याला जी काळी पोळी लोंबतायत, ती आग्या मोहोळाची. तुला तुझ्या लग्नात जो मध हवाय, तो तिथलाच.

थांब, घाई करू नकोस. मी ठकूबाई लांघी. या मेटवाडीत लग्न कुणाच्याही घरचं असो, पंगतीची चूल माझ्या हातानं पेटते. म्हणून तर तुम्ही दोघं पुण्याहून इतकं वर चढून माझ्या ओट्यावर येऊन बसलात. साठ माणसं, तळ्याकाठी मांडव, आणि पानात पडेल ते सगळं याच डोंगरातलं. मला आवडलं हे. काळभात आहे, नाचणीची भाकरी आहे, हुलग्याची शेंगोळी आहे, तळ्यातले मासे आहेत, वैशाखात करवंदं आणि रायवळ आंबे तर नको म्हणेपर्यंत. रानभाज्या मात्र मिळायच्या नाहीत. लग्न वैशाखात आणि भाजी आषाढातली, कसं जमायचं ईराबाई? भाजीच खायची असेल तर चिखलात लग्न लावा, मी येते इरलं घेऊन. हसताय काय जावईबापू? तुम्हीच समजवा हिला.

मध वाढू. नक्की वाढू. पण मघाशी तू दोन गोष्टी बोललीस. तुझा भाऊ मिहिर येणार, त्याला हळदीत डोक्यापासून पायापर्यंत माखायचं, ही एक. आणि मधातली वरईची खीर आधी तुझ्या पानात वाढायची, त्याचा फोटो काढायचा, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी मेटवाडीत होत नाहीत. का होत नाहीत ते ऐक, मग रुसायचं तर रूस.

फार मागची गोष्ट. माझ्या आजीनंही ती तिच्या आजीकडूनच ऐकलेली. तेव्हा डोंगरावर गूळ नव्हता, साखर तर कुणी पाहिलीसुद्धा नव्हती. गोड म्हणजे मध. आणि लग्नाच्या पंगतीत मध पडला नाही, तर त्या लग्नाला लोक लग्न म्हणत नसत. त्यात पुन्हा एक रीत होती. नवरीच्या लग्नातला मध नवरीच्याच घरच्या माणसानं कड्यावरून काढायचा. शेजाऱ्याचा चालत नसे.

कड्यावर उतरायचं तर दोर धरायला वर माणूस लागतो. तो कुणीही चालत नाही, असं सांगतात. उतरणाऱ्याच्या बायकोचा भाऊ, म्हणजे मेव्हणा, त्यानंच दोर धरायचा. सख्खा भाऊसुद्धा नको. का? तर भावाभावांत जमिनीचा वाटा असतो, मनात कधी काय येईल सांगता येत नाही. मेव्हण्याचं तसं नाही. खाली लोंबतं ते त्याच्या बहिणीचं कुंकू. त्याच्या हातून दोर सुटायचा नाही. जुनी माणसं मोठी हिशेबी होती बघ.

त्या काळी इथं होना नावाचा एक तरणाबांड गडी राहत होता, आणि त्याची धाकटी बहीण साळू. आईबाप तापात गेले तेव्हा साळू रांगत होती म्हणे. होनानंच तिला वाढवलं. तिच्या वेण्या घातल्या, तिला काटा रुतला तर मांडीवर घेऊन काढला. स्वतःचं लग्न मात्र त्यानं केलं नाही. आधी साळूला उजवतो, मग माझं बघू, असं म्हणायचा.

साळूचं ठरलं वरल्या मेटावरच्या, म्हणजे वरच्या वस्तीवरच्या देवजीशी. देवजी कडेकपारीतून फिरणारा, मध काढण्यात पटाईत, आणि स्वभावानं थट्टेखोर. होनानं जीव तोडून तयारी केली. तांदूळ सडून ठेवला, हुलगे भरडले, पत्रावळी लावल्या, मोहाच्या फुलांचे लाडू वळले. सगळं झालं, फक्त मध नव्हता. होनाला बायको नाही, म्हणून मेव्हणा नाही, म्हणून त्याचा दोर धरायला कुणी नाही. तो कड्यावर उतरणार कसा? त्यानं मनाला समजावलं होतं, की मोहाच्या लाडवांवर भागवू.

लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाड आलं. सांजेला हळद लागली. देवजीची उष्टी हळद साळूला लागली, आणि उरलेली तिनं ओंजळीत घेऊन आपल्या भावाला लावली. कुणी लावणार होतं त्याला? आई नाही, भावजय नाही. तिनं त्याच्या गालांना लावली, मानेला लावली, दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळली. आणि लावता लावता हसत म्हणाली, "दादा, सगळं केलंस बघ माझं. तेवढा मध राहिला."

बस, एवढंच बोलली ती. मनात काही नव्हतं तिच्या. पण बाई, लाडक्या माणसानं हसत बोललेले शब्द कुठं जाऊन लागतात, ते बोलणाऱ्याला कळत नाही. होना त्या रात्री जेवला नाही, असं सांगतात.

देवजीनं ते ऐकलं होतं. सकाळी उजाडता उजाडता तो होनाच्या दारात उभा. म्हणाला, "मी या घरचाच आता. मी उतरतो, तू दोर धर."

होना म्हणाला, "अरे, अजून अक्षता पडायच्यात. मी तुझा मेव्हणा झालो कुठं?"

"सांजेला होशील. सकाळनं काय बिघडतंय?"

म्हातारी माणसं नको नको म्हणाली. हळद लागलेला नवरदेव शिवेबाहेर पाऊल टाकत नाही, आणि हा निघाला कड्यावर! पण होनाच्या डोक्यात बहिणीचं ते वाक्य बसलं होतं. तिच्या पंगतीत मध पडावा, तिला कुणी आईबापावाचूनची म्हणू नये, एवढंच त्याला हवं होतं. तो उठला आणि दोर खांद्यावर टाकला.

माशीला वास खपत नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. तेलाचा नाही, लसणाचा नाही, हळदीचा तर मुळीच नाही. देवजी शहाणा होता. ओढ्यात उतरून त्यानं अंगाला राख घासली, वाळू घासली, हळदीचा मागमूस ठेवला नाही. होनाला मात्र कुणी अंघोळ कर म्हटलं नाही. दोर धरणारा कड्याच्या वर, माश्या खाली, त्याला काय धाड भरलीय, असंच सगळ्यांना वाटलं. आणि त्याच्याही मनातून ती धुवायची नव्हती. बहिणीच्या हातची हळद होती ती. वाळून गालाला चिकटली होती, ती त्यानं तशीच ठेवली.

होनानं कमरेला दोराचा वेढा दिला, त्या धोंड्यावरून दोर खाली सोडला आणि पाय रोवून उभा राहिला. देवजी धुराची चूड घेऊन उतरला. एक पोळं कापलं. गळ्यात वाळल्या भोपळ्याचा तुंबा होता, तो मधानं भरत आला. तेवढ्यात दरीतलं वारं फिरलं. धूर पांगला, आणि मोहोळ उठलं. देवजीला वास नव्हता. वर होनाला होता.

खाली ओढ्यावर बायका पाणी भरत होत्या. त्यांनी वर पाहिलं तर होना उभा, आणि अंगावर काळी घोंगडी. एक जण म्हणालीसुद्धा म्हणे, "बया, एवढ्या उन्हाचं घोंगडी काय पांघरली यानं?"

घोंगडी नव्हती गं ती.

त्याला पळता आलं असतं. वेढा सोडून चार ढांगा टाकल्या असत्या तर पाठीमागे झाडी होती, तळं होतं. पण खाली दोराला साळूचं लग्न लोंबत होतं. तो हलला नाही. ओरडलाही नाही. ओरडला असता तर खालचा बिचकला असता, त्याचा पाय सुटला असता. एक माणूस, तोंडावर माश्यांचा थर, आणि ओठ मिटून उभा.

देवजीनं खालून आवाज दिला, "झालं रे, ओढ!" दोर ओढला गेला नाही. पण सैलही पडला नाही, खांबाला बांधल्यागत ताठ होता. देवजीला वाटलं मेव्हणा थट्टा करतोय. आमच्यात लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, आणि काय हवं ते मागून घेतो. तुमच्यातही असते ना कानपिळी? तर देवजी हसत ओरडला, "अरे, आत्ताच कान पिळतोस होय? सांजेपर्यंत तरी दम धर!" आणि दोराला धरून आपला आपणच चढला. चढेपर्यंत हसत होता बिचारा.

वर आला आणि पाहिलं. मग त्यानं पेटत्या चुडीनं माश्या हाकलल्या, होनाला आडवं केलं आणि कमरेचा वेढा सोडवला. धावत माणसं आली. साळू आली, तशीच हळदीच्या अंगानं. होनाचे डोळे सुजून मिटले होते, चेहरा ओळखू येत नव्हता. श्वास तेवढा चालू होता. त्यानं विचारलं, "देवजी आला वर?"

"आलो."

"मध?"

देवजीनं तुंबा त्याच्या हाताला लावला. होनानं तो चाचपला.

म्हातारी माणसं म्हणाली, आता कसलं लग्न, घरात सुतक येणार. तेव्हा देवजी उठून उभा राहिला. तो म्हणाला, "यानं दोर धरला तेव्हा हा माझा कुणी नव्हता. नसताना धरला. माझा मेव्हणा होऊनच जाईल तो. आत्ता लावा लग्न, इथंच."

मांडव नाही, वाजंत्री नाही. होनाच्याच डोक्याचा पटका सोडला आणि त्याचा अंतरपाट धरला. कुणाच्या तरी पदरात वरई होती, त्याच अक्षता झाल्या. कड्याच्या तोंडावर, मरणाऱ्या भावाच्या उशाशी साळूचं लग्न लागलं. सगळा डोंगर रडत होता म्हणतात.

अक्षता पडल्या तसा होनाचा हात हलला. तो हवेत काहीतरी शोधत होता. कुणाला कळेना काय हवंय, पाणी हवंय का. मग तो हात देवजीच्या खांद्याला लागला, मानेला लागला, आणि त्यानं देवजीचा कान धरला. हलकेच पिळला.

देवजीला हुंदका आवरेना. तरी त्यानं रीतीप्रमाणे विचारलं, "काय हवं मेव्हण्या? माग."

होना म्हणाला, "पंगत मोडू नका. मध वाढा."

कान तसाच धरलेला असताना तो गेला.

मागितलं ते द्यावंच लागतं. त्याला पोचवून माणसं परत आली, आणि शिजवलेल्या अन्नाच्या पंगती बसल्या. पहिली पत्रावळ होनाची मांडली, कड्याकडे तोंड करून. पंगतीत मध वाढायचा तो नवरीच्या भावानं. भाऊ नव्हता, म्हणून देवजीनं स्वतः तुंबा घेतला आणि पानापानावर मध वाढत गेला. वाढत वाढत साळूपाशी आला. वाकला. आणि साळूनं आपला हात पानावर आडवा धरला.

पोट भरल्यावर आपण 'नको, पुरे' म्हणून धरतो ना, तसाच. तिचं पान रिकामं होतं. देवजी क्षणभर थांबला आणि पुढच्या पानाकडे गेला. पुढं तिचा संसार झाला, लेकरं झाली, पण मधाचं बोट तिनं जन्मात तोंडाला लावलं नाही. मध मागणारी ती, हळद लावणारी ती. कुणी तिला बोल लावला नाही. पण तिचं तिला कळत होतं ना.

तर बाई, अशी ही रीत. म्हणून इथं लग्नाच्या दिवशी कड्यावर कुणी उतरत नाही, मध आधीच आणून ठेवतात. म्हणून नवरीच्या भावाला इथं हळद लावत नाहीत. मिहिरला नाचू दे, गाऊ दे, पण हळदीचं बोट लागू देऊ नकोस. कानपिळी आम्ही पंगतीच्या आधी करतो. नवरदेवानं विचारायचं, काय हवं ते माग. आणि भावानं अंगठी मागायची नाही, फोन मागायचा नाही. होनाचेच शब्द म्हणायचे. जावईबापू, तुम्ही फक्त 'माग' म्हणा. पुढचं मी मिहिरकडून पाठ करून घेते.

अगं, डोळे काय पुसतेस? मध नको आता? असं नाही म्हणायचं. मध वाढायलाच हवा, तेवढंच तर मागितलं त्यानं. खीर कर, भाकरीवर घाल, तुझ्या मैत्रिणींना हवा तेवढा खाऊ दे. साठ माणसांत तुझं एक पान कमी होईल आणि होनाचं एक वाढेल, म्हणजे मधाचा अंदाज तोच राहिला.

माझ्या लग्नात मी सोळा वर्षांची होते. गोष्ट लहानपणापासून पाठ होती, वाटायचं त्यात काय, हात धरायचा आणि झालं. मग माझा भाऊ चिमाजी पंगतीत मध वाढत आला. माझ्यापाशी वाकला. नवं धोतर नेसला होता, कपाळाला घाम होता, आणि माझ्याकडे बघत नव्हता. मी हात आडवा धरला, आणि त्या मधाचा एक थेंब माझ्या मनगटावर पडला. मी तो पुसला नाही. चिमाजीला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

चैत्र लागला की तो पट्टा पिवळा होतो, मोहोळं कड्याला येऊन बसतात आणि मेटवाडीत लग्नं सुरू होतात. आजही पंगत बसली की पहिलं पान कड्याकडे तोंड करून मांडतात. आजही भाऊ मध वाढत येतो, बहिणीपाशी वाकतो, आणि ती पानावर हात आडवा धरते. तो क्षणभर थांबतो. मग पुढच्या पानाकडे जातो.