दहावा शब्द

"शेजारच्या कुंदाबाईंनी म्हणे बिवलकरसरांना भर वाचनालयात इंग्रजीतून..." एवढंच कानावर पडलं आणि नळाला पाणी आलं. बायका हंड्यांकडे धावल्या, बातमी अर्धीच राहिली.

झालं होतं ते असं. दहावी शिकलेल्या कुंदाबाईंना जुन्या इंग्रजी कविता स्वतः वाचायच्या होत्या. वर्षभर त्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर अवघड शब्द चिकटवत होत्या. हळदीवर ‘मेलंकली’, पोह्यांवर ‘सॉलिट्यूड’. फोडणी देता देता पाठांतर. शेवटी एका शनिवारी धीर करून त्या वाचनालयातल्या कवितावाचनाला गेल्या.

निवृत्त प्राध्यापक बिवलकरांनी त्यांना दारातच अडवलं. "आधी दहा शब्दांचे अर्थ सांगा!"

नऊ बरोबर आले. दहावा कुठल्याच डब्यावर नव्हता.

"मग सगळे शब्द आले की या, बाई. ज्याला शब्द अडतो, त्याची जागा बाहेर."

कुंदाबाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्यांना टेबलावर जाडजूड शब्दकोश उघडा दिसला, वर सरांचा चष्मा.

"सर, हा कोणाचा हो?"

"माझाच. चाळीस वर्षं वापरतोय."

"अगंबाई, म्हणजे तुम्हालाही अजून अडतंय! मग चला, दोघं बाहेर पायरीवर बसून वाचू. येताना तो तेवढा घेऊन या."

सगळे हसले, शेवटी सरही. त्यांनी आपल्या शेजारची खुर्ची ओढली आणि शब्दकोश दोघांच्या मधे सरकवला.

तेव्हा नळावरची बातमी निम्मीच खरी. कुंदाबाईंनी सरांना सुनावलं, पण चांगलं आपल्या मराठीतून. इंग्रजी त्यांनी कवितेसाठी राखून ठेवलं होतं.