चुकीवर घातलेला पत्ता

एकदा एका गावात एक वृद्ध कारागीर तंबोरे दुरुस्त करत असे. सगळे त्याला उस्ताद म्हणत. बाहेरच्या खोलीत, दाराशी, त्याची गादी होती. आलेला गवई तिथेच टेके, चहा घेई आणि तंबोऱ्याचं दुखणं सांगे. आतल्या खोलीत खिडकीपाशी त्याची शिष्या नसीम बसे. ज्याचा सूर अगदीच बसलेला, तो तंबोरा तिच्याकडे आत जाई. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. त्या घोडीवर बारीक कानस चालवून नसीम तारेतला गुंजारव परत आणी. त्या गुंजारवालाच जवारी म्हणायचं. चार वर्षं तिने हेच केलं, आणि हात असा बसला होता की पुढच्या महिन्यापासून तिला बाहेरच्या गादीवर बसवायचं ठरलं होतं. बाहेरची गादी म्हणजे नाव. आतला माणूस कितीही गुणी असो, गवयाला तो दिसत नाही.

जेवणाच्या सुट्टीत नसीम फोनवर काहीतरी लिहीत बसायची. एकदा उस्तादाने विचारलंच, “रोज कोणाला पत्र लिहितेस गं?”

“पत्र नाही उस्ताद, ब्लॉग.”

“ते काय असतं?”

“इंटरनेटवर आपली स्वतःची जागा. मी तिला नाव दिलंय. शिकले ते तिथे लिहायचं आणि शेवटी एक बटण दाबायचं. दाबलं की जगात कुठेही दिसतं.”

“छापतं कोण?”

“कोणीच नाही. मीच.”

“आणि चुका कोण काढतं?”

“त्याही मीच.”

“म्हणजे आपली जवारी आपल्याच कानाने तपासायची,” उस्ताद म्हणाला. “अवघड आहे बाई. बरं, काल लिहिलेलं आज पुसतं का?”

“नाही. नवं लिहिलेलं वर येतं, जुनं खाली सरकतं. प्रत्येकावर तारीख.”

“दुरडीतल्या भाकऱ्यांसारखं. गरम वर, सकाळची तळाला.”

नसीम हसली. “तसंच. आणि प्रत्येक लेखाला त्याचा वेगळा पत्ता असतो. कोणाला आवडलं तर तो पत्ता दुसऱ्याला पाठवतात. दुसरा तिसऱ्याला. मी झोपेत असले तरी माणसं येऊन वाचून जातात. बोलायचं असेल तर खाली जागा असते, तिथे लिहितात.”

“वाचतात किती?”

“काल एकोणीस जण आले.”

“एकोणीस! अगं, माझ्या दारात महिन्यात तेवढे येत नाहीत. मग दुकानाचं नाव घातलंस की नाही?”

“नाही. आधी नीट जमू दे, मग घालीन. माझंही नाव नाही त्यावर.”

उस्तादाने पान जुळवलं आणि विषय तिथेच राहिला.

पुढे एका सकाळी नसीम आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. तिच्या एका लेखाखाली कोणा बाईंनी लिहिलं होतं. लेखाचं नाव होतं, ‘जवारी बिघडली तर काय करावं’. बाईंचे शब्द असे होते: “तुमचं वाचून घोडीवर कानस चालवली. दोन दिवस चालवली. आता तार नुसती ठकठक करते. हा माझ्या गुरूंचा तंबोरा आहे. यापुढे काय करायचं ते तुम्ही कुठे लिहिलं आहे, मला सापडलं नाही. इंदुमती केळुसकर, वेंगुर्ले.”

रागाचा एक शब्द नव्हता. म्हणूनच नसीमने ते पुन्हा पुन्हा वाचलं होतं.

“तुझा लेख वाच बघू,” उस्ताद म्हणाला.

नसीमने वाचलं. पहिलं वाक्य होतं, ‘प्रथम बारीक दातांची कानस घ्यावी.’

“थांब. आणि दोरा?”

“कुठला दोरा?”

“तारेखाली, घोडीवर सुताचा दोरा असतो तो. तो आधी सरकवून बघायचा. कधी झिजलेला असतो, बदलायचा. दहातले सहा तंबोरे तेवढ्यानेच बोलतात.”

“पण माझ्याकडे येतात त्यांचं दोऱ्याने कधीच…” नसीम बोलता बोलता थांबली.

उस्तादालाही ते आत्ताच उमगलं. तो हळू आवाजात म्हणाला, “ते सहा मी दारातच बरे करून परत पाठवतो. तुझ्यापर्यंत उरलेले चार येतात.”

चार वर्षांत नसीमने नुसत्या दोऱ्याने बरा होणारा एकही तंबोरा पाहिला नव्हता. तिने लिहिलं ते तिच्या हाताचं अगदी खरं होतं. पण हाडावरून काढलेला कीस परत चिकटत नाही.

इतक्यात वाद्यांचा व्यापारी आला. शहरातले तंबोरे तोच इथे आणून टाकायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

“हे बाहेर फुटलं तर कोण वाद्य पाठवील इथे? आणि हिला तुम्ही गादीवर बसवताय! बाई, तो लेख पुसता येतो ना?”

“येतो. एक बटण दाबलं की गेला.”

“मग दाब की! नाव नाही, गाव नाही. वेंगुर्ल्याच्या बाई कोणाला शोधणार?”

नसीमने उस्तादाकडे पाहिलं. तिचं बोट फोनवरच होतं.

उस्ताद म्हणाला, “पुसू नकोस. चुकलेलं वाक्य राहू दे, त्याच्यावर रेघ मार, पण वाचता आलं पाहिजे. त्याच्या वर आजची तारीख घालून दोऱ्याचं लिही. आणि त्याच्या वर, सगळ्यात आधी, तुझं नाव लिही. दुकानाचं लिही. गल्ली लिही, फोन लिही.”

व्यापारी उठून उभाच राहिला. “उस्ताद, शुद्धीवर आहात ना? इतके दिवस बरं लिहीत होती तेव्हा नाव नव्हतं, आणि आता चुकीवर पाटी लावताय?”

“बसा शेठ, चहा येतोय,” उस्ताद म्हणाला, आणि मग नसीमकडे वळला. “कौतुक करायला आलेल्या माणसाला घर नाही सापडलं तर काही बिघडत नाही, तो रस्त्यातही करील. ज्याचं नुकसान झालं त्याला घर सापडलंच पाहिजे. तूच सांगितलंस, त्या लेखाला पत्ता आहे आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. किती जणांच्या घरी तो गेला असेल, तुला ठाऊक नाही. त्यातला एखादा उद्या कानस हातात घेऊन पुन्हा वाचायला येईल. त्याला तिथे भिंत दिसली, तर त्याच्या डोक्यात जुनंच राहील आणि तो कानस चालवील. तिथे तू असलीस तर तो थांबेल. ती जागा तुझी आहे म्हणतेस, तर तिथे पुसून पळता येत नाही. तिथे घरात असावं लागतं.”

व्यापारी चहा न घेताच गेला. जाताना दारातून म्हणाला, “दोन महिन्यांनी बघू, गादीही राहते का ते!”

नसीमने लिहिलं. स्वतःचं नाव लिहिताना तिने तीनदा खोडलं. शेवटचं बटण दाबलं तेव्हा तिने डोळे मिटले होते.

त्या महिन्यात व्यापाऱ्याकडून खरंच एकही तंबोरा आला नाही. मात्र फोन आले. एकाने चार गोष्टी सुनावल्या, तिने ऐकून घेतल्या. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “बाई, कानस विकत आणली होती हो. दोरा सरकवला, बोलायला लागला.” आणि एस.टी.च्या टपावरून, दोन गोधड्यांत गुंडाळलेला, वेंगुर्ल्याचा तंबोरा आला. घोडी पार गेली होती. नसीमने नवी बसवली. अकरा दिवस लागले. उस्तादाने तार छेडली, बराच वेळ ऐकली आणि म्हणाला, “पाठव.” बाईंनी ब्लॉगवर त्याच जागी, आपल्या जुन्या शब्दांखाली, एवढंच लिहिलं: “पोचला. बोलतो.”

दुसऱ्या दिवशी उस्ताद म्हणाला, “आजपासून बाहेर बस. कारागीर म्हणून नाही हं, ते पुढे बघू. नुसती बघायला बस.”

नसीम त्याच्या गादीशेजारी सतरंजीवर बसली. दुपारी एक गवई परगावाहून तंबोरा घेऊन आला. उस्तादाने तो मांडीवर घेतला. दोऱ्याला हात लावला नाही, तारही छेडली नाही. गवयाशी पाऊसपाण्याचं बोलत राहिला.

“उस्ताद, हे काय करता?” नसीमने विचारलं.

“कुठे काय? बोलतोय.”

“हात बघा तुमचा. भोपळ्यावर ठेवलाय मघापासून.”

उस्तादाने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. “अरे हो. उन्हातून आलेला तंबोरा तापलेला असतो. निवेपर्यंत तो खरं सांगत नाही. तोवर त्याला विचारायचंच नसतं.”

“हे मला कधी सांगितलं नाहीत.”

“मलाच कुठे ठाऊक होतं, मी हे करतो म्हणून!”

नसीमचा हात फोनकडे गेला. मग तिने फोन उलटा करून सतरंजीवर ठेवला आणि थोडी पुढे सरकली.

“आणि त्याच्याही आधी काय करता?” तिने विचारलं.