बिनउंबऱ्याचं घर

तारवलीच्या नव्या आळीत एकोणीस घरं आहेत, आणि उंबरा आहे अठराच घरांना. त्या प्रत्येक उंबऱ्याच्या टोकाला काळपट लाकडाचा बोटभर तुकडा बसवलेला दिसेल. घाटाच्या बाजूनं मोजत गेलं की तेरावं जे घर लागतं, त्याला मात्र उंबराच नाही. अंगणातून पाऊल थेट आत. आळीला अजून नवी म्हणतात, पण ती वसली कधी हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. मघाशी तुम्ही आलात तेव्हा कुणी नावगाव विचारलं नाही, आधी पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि घरची सून लगबगीनं बाहेर गेली. तुमच्या ध्यानात आलं असेल. त्यामागं चिमाई आहे.

तेव्हा गाव काळगी नदीच्या पल्याड होतं, असं सांगतात. नदीकडं तोंड करून एका रांगेत एकोणीस घरं, आणि घाटाकडून सातवं चिमाईचं. तिचा नवरा रायाजी जन्माचा मुका. मिठाच्या तांड्याबरोबर बैल घेऊन तो घाटानं कोकणात उतरायचा आणि परतला की दारात उभा राहून काठीनं उंबऱ्यावर दोनदा ठोकायचा. तेवढीच त्याची हाक. ठोकून ठोकून उंबऱ्याला खळगा पडला होता. एका वर्षी तांडा आला, रायाजी आला नाही. कुणी म्हणालं, तापानं मागं राहिला; कुणी म्हणालं, वाट चुकला. मेलेला कुणीच पाहिला नव्हता. चिमाईनं कुंकू पुसलं नाही, आणि संध्याकाळचं एक ताट जास्तीचं वाढायचंही सोडलं नाही.

पुढं नदी काठ खायला लागली. गोठे गेले, परसं गेली. तेव्हा सुभानजी पाटलांनी अल्याडच्या माळावर गाव न्यायचं ठरवलं. मग काय विचारता! ज्याला त्याला जागा विहिरीजवळची हवी आणि मसणवट्यापासून लांबची. महिनाभर नुसता कलकलाट. चिमाई मात्र एकदाच बोलली.

"पाटीलबाबा, गाव कुठंबी न्या. पर घाटाकडनं येताना सातवं दार माझं ऱ्हाऊ द्या. त्येला कुणाला इचारता येत न्हाई."

"चिमाई, हाय तसंच गाव उचलून पल्याड ठेवतो," पाटील म्हणाले. "कुणाचा शेजार मोडायचा न्हाई."

आणि तसंच केलं म्हणे. प्रत्येकानं आपल्या दारात नदीकडं तोंड करून उभं राहायचं. उजव्या हाताला जो शेजारी, तो नव्या जागीही उजव्या हातालाच. माळावर सुंभ ताणलं, खुंट्या ठोकल्या, राखेच्या रेघा ओढल्या. शेजार शाबूत राहिला म्हणून सगळे खूश. नदी ओलांडून पुन्हा नदीकडं तोंड केलं की उजवा हात उलट्या दिशेला जातो, हे एवढ्या जाणत्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

घरं उभी राहिली. चिमाईनं जुना उंबरा गाडीत घालून आणला आणि नव्या दारात बसवला. मग एके दिवशी ती घाटाच्या वाटेनं लांब गेली आणि रायाजी जसा येईल तशी दारं मोजत परत आली. सातव्या दाराशी थांबून तिनं काठीनं उंबऱ्यावर दोनदा ठोकलं.

आतून येसू कुंभारणीचा आवाज आला, "कोन हाय? काय पायजे?"

चिमाई तशीच पुढं मोजत गेली. तिचं घर तेरावं झालं होतं. पण त्याहून तिला तो प्रश्न लागला. हाच प्रश्न रायाजीला ऐकू येईल, त्याला उत्तर देता येणार नाही, आणि चुकीच्या दारी आलो म्हणून तो मुकाट्यानं मागं फिरेल.

पाटलांची मान खाली गेली. येसूनं घर बदलून द्यायची तयारी दाखवली. चिमाई म्हणाली, "नगं गं. आधी तो जुन्या गावठाणात जाईल. मग खालच्या उतारानं नदी वलांडून आला तर ह्या टोकाकडनं मोजंल, का त्या? आता एका दाराचा भरवसा न्हाई."

तिनं लखू सुताराला बोलावलं आणि स्वतःचा उंबरा उपसून त्याच्यापुढं टाकला. त्याचे अठरा तुकडे करायचे. भरल्या घराचा उंबरा कापायचा म्हणजे अवदसेला आवतण, लखूचा हात धजेना. तेव्हा म्हणे तिनंच करवतीचं एक टोक धरलं. संध्याकाळपर्यंत घरोघरी एकेक तुकडा बसला, आणि पाटलांनी गावाकडून शब्द दिला: आजपासून अठराही दारं रायाजीची. दारात येईल त्याला कोण म्हणून विचारायचं नाही. 'आलात? या' म्हणायचं, पाणी द्यायचं आणि चिमाईला सांगावा धाडायचा.

सांगावे येत राहिले. कधी वाटसरू, कधी गोसावी, कधी बैल हरवलेला शेतकरी. चिमाई ओल्या हातांनी, पदर सावरत धावत यायची. चेहरा बघायची. तो नाही, असं तिनं कधी म्हटलं नाही. नुसतं म्हणायची, "जेवून जावा." ते जास्तीचं ताट त्या माणसाच्या पुढं यायचं. केस पिकले, धावणं थांबलं, तरी काठी टेकत यायची. शेवटच्या दिवशीसुद्धा कुणीतरी आलं होतं म्हणतात, आणि तिनं अंथरुणातूनच विचारलं, "जेवला का?"

आता वरच्या माळावर प्लॉट पडले आहेत. नकाशा तालुक्याहून आला, फरशीच्या घरांना कसले उंबरे! तरी वास्तुशांतीच्या आधी जो तो आळीत येतो आणि जुन्या तुकड्याची नखभर ढलपी मागून नेतो. दाराशी पुरतो.

आजही सांगावा जातो. मघाशी सून गेली ती तेराव्या घरीच. ही बघा, त्या घरची बाई आली. हात पिठाचे आहेत, भाकरी टाकायची सोडून आलेली दिसते. ती आता तुमच्यातल्या एकेकाच्या तोंडाकडं बघेल. हसू नका, आणि नजर चुकवू नका. बघून झालं की ती जेवून जा म्हणेल.

नाही म्हणू नका.