धाकटीचा दिवा आधी

चपला बाहेर काढा आणि आत या. ही आमची मशीद. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू लोक, आमच्या प्रार्थनाघराला पूर्वीपासून मशीदच म्हणतो, दचकू नका. वर बघा, काचेचे दोन दिवे टांगलेत. एक तांब्याएवढा, दुसरा वाटीएवढा. पाहुणे हटकून विचारतात, जोडी का जमली नाही? अहो, जमलेली होती. मत्सराने मोडली.

असं सांगतात की आमच्या खारवली गावात दोन भावांचा एकच तेलाचा घाणा होता. शनिवारी आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, घाणा बंद; तो शुक्रवारी सूर्य मावळताच लागतो. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत थोरली जाऊ मलकाबाई मशिदीतला एक दिवा लावी, धाकटी राहमा दुसरा. दिवे सारखे, तेलही एकाच घाण्याचं. पण बायका म्हणायच्या, "दिवा लावावा तो मलकाबाईनेच!" मलकाबाई राहमाकडे बघून हसायची. राहमाचा जळफळाट व्हायचा. मेलीला असं काय सोनं लागलंय? एका घराला दोन मालकिणी हव्यात कशाला, असं ती चुलीपाशी पुटपुटायची म्हणे.

एका शुक्रवारी तिने नको ते केलं. थोरलीच्या दिव्यात पाणी भरलं आणि वर बोटभर तेल सोडलं. प्रार्थना अर्ध्यावर आली आणि दिवा तडतडून विझला. शब्बाथ लागलेला, विस्तवाला हात लावायची सोय नाही. मलकाबाईला सगळ्यांदेखत रडू कोसळलं. दिव्यात पाणी निघालं तेव्हा राहमाला कबूल करावंच लागलं.

दाऊद काजी आमच्यातलं धर्मकार्य बघायचे. त्यांनी न्याय केला. "आरंभी सूर्य आणि चंद्र सारखेच होते. चंद्राला ते सोसवलं नाही. दोन राजांना एक मुकुट कसा पुरेल, म्हणाला. देव म्हणाला, मग तूच लहान हो. राहमा, आजपासून तुझाही दिवा लहान."

मलकाबाईला बरं वाटलं. वाटलंच! उगाच तिला साध्वी कशाला करू? पण राहमाने मशिदीत पाऊल टाकणं सोडलं, अन्न सोडलं. लहान दिवा तसाच कोरडा लटकत राहिला. पुढच्या नव्या चंद्राच्या संध्याकाळी ती बोचकं घेऊन बंदराकडे निघाली, कायमची माहेरी. तेव्हा मात्र मलकाबाईच्या काळजात चर्र झालं. ती धावत काजींकडे गेली.

"चंद्र रुसला, तेव्हा देवाने काय केलं?"

काजी म्हणाले, "देव म्हणाला, मी चंद्राला लहान केलं, दोष माझा. दर नव्या चंद्राला माझ्यासाठी प्रायश्चित्त करा."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" मलकाबाई कडाडली. घरून आपलं तेलाचं भांडं उचलून ती तशीच बंदरावर पळाली.

राहमा होडीत चढतच होती. मलकाबाईने तेल पुढे केलं आणि तिचा हात धरला. "पाणी तू घातलंस, खरं. पण तुला जळवायला मला आवडायचं. लहान तू झालीस, प्रायश्चित्त माझं."

"तोंडदेखलं बोलू नका, जाऊबाई. उद्या पुन्हा तुमचाच दिवा."

"नाही. आधी तुझा. तो लागेपर्यंत माझा काळोखात."

होडी राहमाला न घेताच सुटली.

आजही नव्या चंद्राच्या संध्याकाळी थोरल्या घरची सून आपलं तेल धाकट्या घरच्या सुनेपुढे धरते आणि 'प्रायश्चित्त माझं' म्हणते. मी थोरल्या घरची. खरं सांगू? ते शब्द दर वेळी जड जातात. आमची धाकटीही वस्ताद आहे, वात वळायला मुद्दाम वेळ लावते. लावू दे. तोवर मी काळोखात उभी राहते.