अनुसयाबाईंचा चार्जर

एका गावात पापडांचा घरगुती धंदा करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचे नाव अनुसयाबाई ढोकणे. त्यांच्या पडवीत पाच बायका उडदाचे पापड लाटत आणि विजेवर चालणारी तीनचाकी ते पापड बाजाराला नेई.

गाडी गुणाची होती, पण तिला भूक फार. घरच्या साध्या वायरीवर ती धड चार्ज होत नसे. मग रोज तालुक्याला जाऊन तासन् तास ताटकळायचे. परत येईपर्यंत निम्मे चार्जिंग वाटेतच संपे.

अशात शहरातल्या एका मोठ्या वसतिगृहाने पापडांची ऑर्डर देऊ केली. अट एकच होती, माल रोज सकाळी आठच्या आत दारात हवा. घरी चार्जर बसला तरच हे जमणार होते. नाहीतर ऑर्डर दुसरीकडे जाणार आणि पाच घरांची वाढणारी कमाई हातची जाणार.

तेवढ्यात सरकारी योजना आली. घरातून धंदा करणाऱ्यांना चार्जर बसवायला अनुदान मिळणार होते. निदान पाच माणसे कामाला हवीत आणि धंदा खरा हवा. पाहणी एकदाच होणार, नापास झाले की थेट पुढच्या वर्षी. अनुसयाबाईंनी अर्ज केला. शेजारच्या दामूशेठनेही केला. त्याचा धंदा कसलाच नव्हता. दारात नवी कोरी विजेवरची मोटार मात्र होती.

पाहणीच्या दिवशीच अनुसयाबाईंच्या दोन बायका लग्नाला गेल्या होत्या. दामूशेठला ते कळले आणि तो हसत हसत पडवीत आला.

"बाई, तुम्हाला दोन बाया कमी, मला पापड कमी. माझ्या घरच्या दोघी तुमच्याकडे बसवतो. तुम्ही मला टोपलीभर पापड द्या. दोघांचंही काम होतंय!"

अनुसयाबाईंनी हातातले लाटणे खाली ठेवले. हो म्हणणे किती सोपे होते! बायका त्यांच्याकडेच बघत होत्या.

"नको शेठ," त्या म्हणाल्या. "तिघी आहेत, तर तिघीच दिसू देत."

"मग बसा पुढच्या वर्षाची वाट बघत!" असे म्हणून तो बाजारात गेला, त्याने पापड विकत आणले आणि गच्चीवर भर उन्हात पसरून ठेवले. वर 'गृहउद्योग' अशी ऐटीत पाटीही लावली.

पाहणीला एक अधिकारी बाई आल्या. आधी त्या दामूशेठच्या गच्चीवर गेल्या.

"उडदाचे पापड कडक उन्हात वाळवता?"

"आमची रोजची पद्धत आहे, मॅडम."

"उन्हात ते वाकडे होतात, तडकतात. लाटणाऱ्या घरात लहान पोरही ते सावलीत घालतं. बरं, एक लाटून दाखवा."

दामूशेठने लाटणे हातात धरले. पीठ पोळपाटाला चिकटले, लाटण्याला चिकटले आणि शेवटी त्याच्या कोपरापर्यंत पोचले. पापड काही झाला नाही. त्याचा अर्ज तिथेच निकालात निघाला.

मग अधिकारी बाई अनुसयाबाईंच्या पडवीत आल्या.

"अर्जात पाच जणी लिहिल्या आहेत. इथे तर तीनच दिसतात."

"दोघी लग्नाला गेल्यात, मॅडम. परवा येतील. आज तीनच लिहा."

अधिकारी बाईंनी सावलीत वाळणारे पापड पाहिले. एक उचलून उजेडात धरला. सगळीकडून सारखा पातळ! वर्षभराच्या ऑर्डरींची वही चाळली, पाचही जणींच्या हजेरीवर बोट फिरवले आणि मोठ्याने वाचत लिहिले, "तीन हजर, दोन रजेवर. धंदा खरा. मंजूर!"

पडवीत एकच कल्ला झाला. लाटणी पोळपाटांवर आपटत बायकांनी असा ताल धरला की गल्ली गोळा झाली.

महिन्याभरात भिंतीवर चार्जर बसला. पहिल्या दिवशी भरली बॅटरी आणि भरल्या टोपल्या घेऊन गाडी निघाली, आणि अनुसयाबाईंसोबत पाचही जणी हट्टाने तिच्यात बसल्या. वसतिगृहाच्या फाटकाशी उतरून अनुसयाबाईंनी घड्याळ पाहिले. साडेसात वाजले होते!

"घ्या माल!" त्या अशा थाटात म्हणाल्या, की आतली मुले टाळ्या वाजवत बाहेर आली.

तात्पर्य: ज्याचे काम खरे असते, त्याला उसने सोंग आणावे लागत नाही. आपली उणीव आपणच सांगणाऱ्यावर लोक आधी विश्वास ठेवतात.