ओसरीवरची रांग

त्या प्रदेशात प्राणी बोलत, पण माणसांना ते कळत नसे. पिढीत एखाद्याच माणसाचे कान साप झोपेत चाटून जात आणि मग त्याला सगळे कळू लागे. अशा माणसाने रोज सकाळी ओसरीवर बसून प्राण्यांचे ऐकावे, अशी तिथली रीत होती. रांग लावण्याचे काम घरच्या कुत्र्याचे.

या पिढीत ते भाग्य इंदुमतीला लाभले. तिचा कुत्रा चंप्या आठ वर्षे तिच्याशी बोलत आला होता. पहिल्या दिवशी तिने त्याचे सगळे ऐकले. दुसऱ्या दिवशी दारात गाय आली, मग चिमणी, मग पाल. पालीच्या बोलण्यावर तर इंदुमती इतकी हसली, की चंप्याला जेवण गेले नाही.

त्यानंतर तो आपल्या पद्धतीने रांग लावू लागला. गाईला म्हणे, "ताईंचं डोकं दुखतंय." चिमणीला म्हणे, "तुझं रडगाणं कालच झालं की, चिऊबाई!" तरी कोणी पुढे सरकलेच, तर तो एवढा भुंके की दुसरे काही ऐकूच जात नसे.

"काय रे, आज कुणीच नाही?" इंदुमती विचारी.

"मी आहे ना."

एके दिवशी लाकूड पोखरणारा एक भुंगेरा घाईघाईने आला. "खोटं कशाला बोलू, आम्हीच खाल्ली तुमची तुळई. आता ती आतून पोकळ झालीय. आज छप्पर खाली येणार. ताईंना तेवढं सांगू दे."

"मी सांगतो," चंप्या म्हणाला. त्याला खरेच सांगायचे होते. तो धावत आत गेला.

"कोण होतं रे?" इंदुमतीने विचारले. "आतून शब्द कळले नाहीत, पण किती गोड आवाज! बोलाव ना त्याला."

चंप्याची शेपटी थांबली. "कुणी नव्हतं," तो म्हणाला.

दुपारपर्यंत पाल, उंदीर, पिल्लांसह चिमणी, सगळी घराबाहेर पडली. अंगणातून ती जिवाच्या आकांताने हाका मारत होती. चंप्या उंबऱ्यात उभा राहून त्यांच्यावर भुंकला. अखेर ती थकून गप्प झाली.

इंदुमतीने त्याला जवळ घेतले. त्याने सांगायला तोंड उघडले.

"तूच एक राहिलास माझा," ती म्हणाली.

त्याने तोंड मिटले. वरून पिठासारखा भुसा दोघांवर पडू लागला. इंदुमतीने तो त्याच्या पाठीवरून हलकेच झटकला आणि चंप्याने सुखाने डोळे मिटले.