खाजकुइलीचे नाव

एका राज्यात एका वेलाचे नाव घेण्यास बंदी होती.

तेथला राजा अरिंदम तरुणपणी शिकारीला गेला असता त्या वेलाच्या तपकिरी, मखमली शेंगा त्याच्या अंगाला घासल्या. अंगाची आग आग झाली. भर सैन्यापुढे राजा मातीत लोळला. त्या लाजेपोटी त्याने फर्मान काढले, "हा वेल मुळासकट जाळा. नावही कुणी उच्चारू नये." राजवैद्य नारोबांनी औषधासाठी जपलेली त्या वेलाच्या बियांची थैली जाळायला देण्यास नकार दिला. राजाने त्यांना हद्दपार केले आणि ते परमुलखात वारले.

त्या वनात एक मांत्रिक राही. जळणारे वन पाहून त्याने शाप दिला, "राजा, तुझा हात थरथरत राहील. तू मिटवलेस ते नाव साऱ्यांच्या स्मरणातून जाईल, आणि तेच तुझे औषध असेल."

तसेच झाले. राज्याच्या धान्यकोठाराला मंतरलेले कुलूप होते. ते राजाच्याच हाताने उघडे, आणि किल्ली गव्हाच्या काडीएवढी बारीक. राजाच्या हातून ती कुलपात जाईना. लागोपाठ दोन वर्षे दुष्काळ पडला. कोठार भरलेले, गावे उपाशी.

तेव्हा नारोबांची विधवा येसाई राजाचे औषध शोधायला वनात निघाली. राजाविषयी तिच्या मनात माया नव्हती. पण शेजारची बाळंतीण दूध आटून रडत होती, ते तिला ऐकवेना.

वनात एका जुनाट उंबरावर धनेश पक्षी बसला होता. त्याच्या पाठीमागे एकच वेल उरला होता.

"कशाला आलीस, बाई?" पक्ष्याने विचारले.

"औषधाला."

"तीन कामे कर. उघड्या हाताने सात शेंगा तोड. दिवस मावळेपर्यंत खाजवू नकोस. मग बिया दुधात शिजवून सोल. पण मनात राग ठेवून शिजवलेस तर दूध नासेल."

येसाईने शेंगा तोडल्या. बारीक कुसे तळव्यांत रुतली. हाताला जणू निखारे लागले. तिने दगडाला मिठी मारली आणि सूर्य डोंगराआड जाईतो ती हलली नाही.

मग चूल पेटवली. पक्ष्याच्या सांगण्यावरून तिने जवळच्या वाडीतून गाईच्या दुधाची तीन भांडी आणली. पहिल्यांदा दूध नासले. दुसऱ्यांदाही नासले. शेवटचे भांडे उरले.

"त्यांना परक्या मातीत अग्नी मिळाला," ती म्हणाली. "तो राग मी कुठे ठेवू?"

"टाकायला कोण सांगतो?" धनेश म्हणाला. "चुलीपासून दूर ठेव."

येसाई बराच वेळ रडली. मग डोळे पुसून ती बाळंतिणीच्या लेकराला आठवत ढवळू लागली. दूध पांढरेशुभ्र राहिले. बिया फुगल्या, साले सुटली.

"हिचे नाव खाजकुइली," पक्षी म्हणाला. "बाहेरून जाळते, आतून सावरते. कंप घालवते, गळालेल्याला बळ देते. राजाला सांग, भर दरबारात नाव घेतल्यावाचून गुण येणार नाही."

येसाई दरबारात उभी राहिली. तिचे हात सुजून लाल झाले होते, आणि त्यांत सोललेल्या बियांची वाटी होती.

"महाराज, ही खाजकुइली. गुण यायचा तर हे नाव आधी आपण भर दरबारात घ्यावे."

राजाने वाटीकडे पाहिले, मग तिच्याकडे. "आपण कोण?"

"नारोबा वैद्यांची बायको."

राजा सिंहासनावरून उतरला.

"खाजकुइली," तो स्पष्ट म्हणाला. "मी ती जाळली. नारोबांना मी घालवले. ते खरे होते, मी खोटा."

त्याने बिया खाल्ल्या. कंप बोटांतून ओसरला. दरबारातील म्हाताऱ्यांना ते नाव आठवले आणि ते एकमेकांकडे बघून पुटपुटू लागले. राजाने त्याच पावली जाऊन कोठार उघडले. संध्याकाळी घराघरांत जात्याची घरघर सुरू झाली.

राजाने लोण्याची वाटी मागवली आणि येसाईपुढे जमिनीवर बसला.

"बाई, हात पुढे करा."

ती क्षणभर थांबली. मग तिने सुजलेले तळवे पुढे केले. राजाने एकेका बोटाला हळुवार लोणी लावले, आणि त्याचा हात कुठेही हलला नाही.